हरवलं-सापडलं

आई गेल्यावर देव माझ्याकडे आले. रीतीप्रमाणे ते थोरल्या भावाकडे जायचे. पण थोरला न्यू जर्सीत, आणि विमानात शंख नेऊ देतात की नाही याबद्दल त्याचं एकमत होईना. म्हणजे त्याचं स्वतःशीच. शेवटी एका रविवारी स्टीलच्या डब्यात, आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यांत गुंडाळलेले देव आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये उतरले. एक रांगता बाळकृष्ण, एक अन्नपूर्णा, कुलस्वामीचे दोन टाक, शाळिग्राम, घंटा आणि तो वादग्रस्त शंख. बाळकृष्णाच्या हातातला लोण्याचा गोळा तीन पिढ्यांच्या चिंचेनं इतका झिजलाय, की तो काही देतोय की मागतोय हे आता सांगता येत नाही.

त्याआधी तीसेक वर्षं माझं एक ठरलेलं वाक्य होतं : ‘मी देव मानतो, देवळं मानत नाही.’ पुण्यात हे वाक्य फार चालतं. भाविकांना त्याचा पहिला अर्धा भाग आवडतो, बुद्धिवाद्यांना दुसरा, आणि बोलणाऱ्याला दोन्ही घरचा चहा मिळतो. गर्दी नाही, रांग नाही, पावती नाही. माझा देव मनात. तो आणि मी, मध्ये कुणी नाही.

देव घरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात बायकोनं हे वाक्य तपासायला घेतलं.

“तुझा देव मनात असतो ना?”

“हो.”

“मग हे कोण घासणार?”

मी गप्प बसलो. मनातल्या देवाला खरंच घासावं लागत नाही. त्याचं तेल संपत नाही, त्याला दुर्वा आणायला पावसात जावं लागत नाही, आपण चार दिवस गावाला निघालो तर त्याच्यासाठी शेजारी किल्ली ठेवावी लागत नाही. फार सोयीचा देव. मी ज्याला इतकी वर्षं माझी खासगी श्रद्धा म्हणत होतो, तिचं सगळं खातं आई सांभाळत होती, हे मला पितांबरीची पुडी फोडताना कळलं. पुडी चुकीच्या टोकानं फोडली, हेही तेव्हाच कळलं.

आमची आजी फलटणची. तिचं देवाशी नातं सरळ भांडणाचं होतं. पूजा करता करता ती बाळकृष्णाला सुनावत असे. पाऊस का नाही, धाकट्याला नोकरी का नाही, आणि शेजारच्या म्हशीला पारडी झाली, आमच्याच म्हशीला रेडा का? तिच्या नि देवाच्या मध्येही कुणी नव्हतं. म्हणून मला पुष्कळ वर्षं वाटत होतं, की मी तिच्याच संप्रदायातला.

पण आजीच्या भिंतीवर कालनिर्णय होतं. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ साली सुरू केलं, आणि मला समजायला लागलं तेव्हा ते आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असल्यासारखं खिळ्यावर बसलेलं होतं. कुणी मला विचारलं, मराठी घरात संघटित धर्म कुठे राहतो, तर मी मठ-मंदिरांच्या आधी त्या खिळ्याकडे बोट दाखवीन. एकादशी कधी, प्रदोष कधी, ईद कधी, नाताळ कधी, दुधाचे खाडे किती. दुधाचे खाडे आजी स्वतः पेन्सिलीनं मांडायची, पण तेही त्या पानावर धर्मकृत्यासारखेच दिसत. आणि पान उलटलं की मागे खमंग वड्यांची कृती. धर्म सांगून झाल्यावर लगेच खायचं काय ते सांगणारी दुसरी संस्था मला माहीत नाही.

संकष्टीला आमच्या घरी दोन चंद्र उगवायचे. एक आभाळात, एक भिंतीवर. आषाढ-श्रावणात आभाळातला यायचाच नाही. आजी हातात ताम्हन घेऊन गच्चीच्या जिन्यावर बसायची. नऊ वाजायचे, साडेनऊ वाजायचे. मोदक झाकलेले, आम्ही पोरं मोदकांच्या भोवती, आणि आजी म्हणायची, “बघितल्याशिवाय कसं सोडू? माझ्या मनाला पटायला हवं.”

म्हणजे तिची खासगी श्रद्धा आम्हाला उपाशी ठेवायची, आणि सुटका व्हायची ती भिंतीवरून. गल्लीतले भटजी येऊन सांगायचे, “आक्का, चंद्रोदय झाला. ढगांच्या आड झाला म्हणून काय व्हायचा राहिला? वेळ छापलीय. अर्घ्य द्या आणि जेवा.” आजी कुरकुरत उठायची. लहानपणी मला वाटायचं, की धर्माची माणसं कडक नि मनातला देव प्रेमळ, हे सगळे जण उलटं का सांगतात?

वर्षातून एकदा पालखी फलटणला मुक्कामाला यायची. आमच्या आळीकडे एका दिंडीच्या जेवणाचा भाग असे, आणि त्याची एक वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची. कोणाच्या घरून किती भाकरी, कोणाकडून पिठलं, कोणाकडून ठेचा, पाण्याची पिंपं कोणाच्या ओट्यावर. आजीच्या नावासमोर चाळीस भाकरी. ती वही ज्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे असायची, त्यांचं नि आजीचं मुळीच पटत नसे. ते पालखी निघायच्या आदल्या दिवशी दुपारी येत, आल्यावर पाणीही न पिता पाटीतली वरची भाकरी उचलत, आणि कापडाचा पोत बघावा तशी अंगठा नि बोट यांच्यामध्ये धरून बघत.

आजीची भाकरी आळीत प्रसिद्ध. काथवटीत शाळूचं पीठ गरम पाण्यात मळून ती अशी थापायची, की भाकरी कागदासारखी पातळ होई आणि तव्यावरून विस्तवाकडे वळवली की टम्म फुगे. त्या पातळपणाचा तिला अभिमान होता. म्हाताऱ्यांनी एका वर्षी भाकरी परत पाटीत ठेवली.

“पातळ झालीय.”

“माझ्या विठोबाला पातळ आवडते,” आजी म्हणाली.

“विठोबा कमरेवर हात ठेवून उभा आहे, बाई. भाकरी उद्या बरडपर्यंत चालायची आहे. पातळ असली तर सकाळी तिचा पापड होतो. वारकऱ्याला दात किती असतात?”

आजी त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. तसं एरवीही बोलत नव्हतीच. पण त्यानंतर दर वर्षी पालखीच्या भाकरी ती जाड थापू लागली, आणि प्रत्येक भाकरी तव्यावर टाकताना त्या गृहस्थांना नाव न घेता काहीतरी म्हणू लागली. ते मंत्रासारखंच ऐकू यायचं.

मला ती भाकरीची वही अलीकडे वारंवार आठवते. आजीला देवाची आवड ठाऊक होती, म्हाताऱ्यांना चालणाऱ्याचे दात. पोट कुणाच्या माहितीवर भरलं, हे उघड आहे. तरी त्यांचा तो अंगठा आठवला की मला अजून राग येतो. आजीच्या बाजूनं.

आता आमच्या सोसायटीचं देऊळ. पार्किंगमध्ये, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी, जिथे आधी वॉचमनची खोली होती. गणपती संगमरवरी आणि चांगला हसरा. देवळाची कमिटी आहे, कमिटीची उपसमिती आहे, आणि आरती सात वाजता की साडेसातला यावर जी चर्चा झाली तिचं इतिवृत्त चार पानी आहे. देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर एकाच दात्याच्या वडिलांचं नाव आहे : पहिल्या पात्यावर कैलासवासी, दुसऱ्यावर नाव, तिसऱ्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’. पंखा लावला की नाव वाचता येत नाही. म्हणून दाते दर्शनाला आले की सेक्रेटरी लगबगीनं पंखा बंद करतात. वडिलांचं स्मरण होतं, बाकीच्यांना घाम येतो.

या कमिटीत येण्याचं आमंत्रण मला दोनदा आलं. दोन्ही वेळा मी माझं वाक्य टाकलं. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, “श्रद्धा मनात ठेवा हो. वर्गणी तेवढी बाहेर काढा.”

मी वर्गणी दिली, आणि वर या प्रसंगाचा किस्सा करून पाच-सहा ठिकाणी सांगितला.

मग २०२० साल आलं. देवळांना कुलपं लागली. त्या वर्षी माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आळंदीहून मजल-दरमजल करत जाणारी वारी एका गाडीत मावली. टीव्हीवर ती गाडी बघताना माझ्यासारख्या देवळं न मानणाऱ्यालाही गलबलून आलं. सप्टेंबरात आम्ही दोघंही पॉझिटिव्ह निघालो. चौदा दिवस घरात. माझ्या सगळ्या तत्त्वज्ञानाला यापेक्षा आदर्श परिस्थिती मिळाली नसती. मी, माझा देव, मध्ये कुणी नाही. दारावर तर तसा महापालिकेचा कागदच लावलेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला बेल वाजली. दार उघडलं तर बाहेर स्टुलावर डबा, आणि जिन्याच्या वळणावर मास्क लावलेले सेक्रेटरी. आरतीच्या वेळेवरून चार पानं भरवणाऱ्या त्याच कमिटीनं तक्ता केला होता. कोणत्या विंगमध्ये कोण आजारी, कोणाला डायबेटिस, कोणाकडे लसूण चालत नाही, कोणता डबा कोण करणार. आमच्यासमोर ‘भात कमी’ असं लिहिलेलं होतं, हे मला नंतर कळलं. अकरा दिवस डबा आला. त्यातली बुधवारची आमटी खारट असे. हे मी तेव्हाही बोललो होतो, आत्ताही नोंदवून ठेवतो. त्या अकरा दिवसांत माझ्या मनातल्या देवानं किती जणांना डबे पोचवले, याचा हिशोब करायला मला तक्त्याची गरज पडली नाही.

हे लिहिताना मला भीती वाटते, की मी कमिट्यांची आरती करू लागलो की काय. तसं होणं बरं नव्हे. वही हातात आली की माणूस भाकरी मोजता मोजता माणसंही मोजायला लागतो. पंढरपूरच्या महाद्वारासमोर नामदेवाच्या पायरीपाशी चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला कुसू कोसळून चोखोबा गेले, १३३८ साली, आणि समाधी मिळाली ती दाराबाहेर. त्यानंतर शतकानुशतकं त्यांच्या माणसांना त्या समाधीच्या पलीकडे पाऊल टाकता येत नव्हतं. आत देव तोच होता, अभंग चोखोबांचेही गायले जात होते. फक्त त्यांच्या माणसांना आत घेतलं जात नव्हतं. इतकी चोख व्यवस्था एकट्यादुकट्या माणसाला जमत नाही. तिला संस्था लागते, रखवालदार लागतात, रीत लागते.

ते दार उघडलं १९४७ साली. साने गुरुजींनी आधी काही महिने महाराष्ट्र पालथा घातला, गावोगाव सभा घेतल्या, आणि १ मेपासून पंढरपुरात उपोषण केलं. दहा दिवस. गुरुजींची श्रद्धा किती आतली, किती हळवी, हे त्यांची पुस्तकं वाचून रडलेल्या माणसाला सांगायला नको. एका अर्थी तीही ‘तो आणि मी’च. पण माझ्या श्रद्धेनं मला देवळात न जाण्याची मुभा दिली होती, आणि त्यांच्या श्रद्धेनं त्यांना देवळाच्या दारात उपाशी बसवलं, दुसऱ्यांना आत जाता यावं म्हणून. दोन्हींना एकच शब्द वापरायला मला हल्ली ओशाळल्यासारखं होतं.

आणि गाडगेबाबा. ते पंढरपूरला जायचे, पण देवळात जाण्यासाठी नव्हे. हातात खराटा, डोक्यावर गाडगं. लोक दर्शनाच्या रांगेत असताना बाबा झाडायला लागायचे. कीर्तनात देवाच्या नावानं चालणाऱ्या नवस-बळींची अशी फिरकी घ्यायचे, की माणसं आधी हसायची आणि मग आपल्याच घरची गोष्ट आहे हे लक्षात येऊन खाली बघायची. मी कुणाचा गुरू नाही, मला कुणी शिष्य नाही, असं सांगत राहिले. इथपर्यंत मला बाबा आमच्याच पंथाचे वाटायचे : देव मानतो, देवळं मानत नाही. पुढचं मी सोयीनं विसरत असे. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथल्या धर्मशाळा याच माणसानं उभ्या केल्या. त्यासाठी पैसे गोळा केले, विश्वस्त नेमले, कागद केले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे रीतसर सोपवली. स्वतः मात्र तिथल्या कुठल्याच खोलीवर हक्क सांगितला नाही. म्हणजे वही त्यांच्याकडेही होती. खराटा काखेत धरून वही लिहायची, आणि लिहून झाली की ती दुसऱ्याकडे देऊन टाकायची, हे मी आमच्या सेक्रेटरींना एकदा सुचवून बघितलं. ते म्हणाले, “ऑडिट होऊ दे, मग देतो.”

दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा वारीत चाललो. सगळी नव्हे, पुणे ते सासवड, एक दिवस. पुण्यातले बरेच जण चालतात, फोटो दिवे घाटात काढतात आणि सासवडहून गाडीनं परततात. मीही त्यातलाच. कुठल्या दिंडीत नाव दिलं नव्हतं. आपलं आपण चालायचं, मनातल्या मनात नाव घ्यायचं, असा बेत. त्या दिवशी एकादशी होती. हडपसरपर्यंत माझ्या हातात केळी, साबुदाणा खिचडीचे द्रोण, राजगिऱ्याचे लाडू नि पाण्याच्या बाटल्या यांची इतकी गर्दी झाली, की नाव घ्यायला तोंड मोकळं मिळेना. घाटात पाऊस आला, गेला, परत आला. आणि सासवडला पोचल्यावर लक्षात आलं, की छत्री नाही. साधीच, काळी. पण आईची होती.

गाडी सोडून मी तळावर थांबलो, ते खरं तर छत्रीसाठीच. म्हणून मला समाजआरती बघायला मिळाली.

पालखी मध्ये, भोवती दिंड्यांचं कडं. हजारो टाळ एकदम वाजत होते. आवाज कानांतून नव्हे, छातीतून जात होता. मग चोपदारांनी हातातला चोप उंच केला, नि एक लांब हाळी दिली. सगळं थांबलं. मी आयुष्यात इतक्या माणसांचं इतकं गप्प होणं ऐकलं नव्हतं. अगदी कुणाच्या पिशवीतली प्लॅस्टिकची पुडी कुरकुरली तीसुद्धा ऐकू आली.

पण एका कोपऱ्यात टाळ वाजतच राहिले.

मला वाटलं, त्यांना दिसलं नसेल. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “तक्रार हाय त्यांची.” ही इथली रीत. शिंदे सरकारांच्या पदरी राहिलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावली. पहाटे कर्णा कितीदा वाजायचा, कोणती दिंडी रथाच्या पुढे नि कोणती मागे, घोडे कुणी आणायचे. फौजेसारखीच. आणि या फौजेत गाऱ्हाणं असलेल्या दिंडीनं गप्प बसायचं नाही, टाळ वाजवत राहायचं. चोपदार तिकडे गेले. टँकर आला नव्हता. कुठला, कधीचा, कोणत्या नंबरच्या दिंडीचा, सगळं विचारून झालं. पाणी येतंय असं सांगून झालं. मग ते टाळ थांबले. तोवर माउली पालखीत, आरती पेटायची राहिलेली, हजारो माणसं उभी.

त्यानंतर हरवल्या-सापडल्याची यादी. एक पिशवी सापडली आहे, आत धोतरजोडी. एक मोबाइल. एका चष्म्याची एक काडी. आणि वरची कवळी सापडली आहे, ज्यांची असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावी. ओळख कशी पटवायची, असं मला हसू येतंय तोच पलीकडच्या दिंडीतल्या एका आजोबांनी तोंडावर उपरणं धरून दुसरा हात वर केला. कुणी हसलं नाही. मीही नाही.

यादी संपत आली. छत्रीचं नाव नव्हतं. मी पाय उंचावून बघत होतो, ते मावशींनी पाहिलं असावं.

“तुमचं काय हरवलंय?”

“छत्री.”

“सांगितलं का चोपदाराला?”

“नाही.”

“मग कोणत्या दिंडीत सांगितलंत?”

“दिंडी नाही मला. मी एकटाच चालतोय.”

मावशींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. भुरभुर पुन्हा सुरू झाली होती. त्यांनी डोक्यावरचा प्लॅस्टिकचा कागद थोडा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, “मंग घावंल कशी?”